नव्वदच्या पुढचं स्टेशन

लोणी लावायच्या बोथट सुरीला ओढणीची चिंधी गुंडाळून रामरतीनं ती डॅशबोर्डच्या फटीत खुपसली आणि अशी काही पिळली, की रेडिओभोवतीची काळी चौकट कडाडून निम्मी बाहेर आली.

"मोडशील," गाडीच्या उघड्या दाराशी उभा असलेला तिचा नवरा बिसेसर म्हणाला.

"मोडू दे. माझं काय काय मोडलंय, त्यात आणखी एक चौकट."

"लबासा शहरात तो दुकानवाला बसवून देतो की."

"चारशे डॉलर घेऊन! चारशेत मी दुसरा नवरा आणीन." तिनं दुसऱ्या बाजूनं सुरी घातली. "दहा नंबरचा पाना कुठाय?"

"पेटीत असेल."

"पेटीत नाही. पेटीत आठ आहे, बारा आहे, चौदा आहे. दहाच नाही. घरातलं नेमकं जे लागतं ते नसतं आणि जे नको ते दारात उभं असतं."

बिसेसरनं पेटीत हात घालून बघितला. ऊसतोडीच्या टोळीवर बावीस वर्षं मुकादमी केलेला माणूस, तीस गड्यांना एका हाकेत उठवायचा. पण घरात त्याचा आवाज चहा मागण्यापुरता. आणि शब्दाचा इतका पक्का, की कधीकधी वेड लागायची पाळी. एकदा रामरती रागात म्हणाली, माझ्या चहाला हात लावू नका, तर हा बाबा तीन दिवस बिनचहाचा कामावर गेला. चौथ्या दिवशी तिनंच कप आणून आदळला, तेव्हा प्यायला.

गाडी त्यांनी सात महिन्यांपूर्वी घेतली, जपानातून आलेली जुनी. इंजीन सोन्यासारखं, पण रेडिओ जपानचा, त्याचा आकडा नव्वदच्या पुढे सरकतच नाही. आणि इकडचं हिंदी स्टेशन अठ्ठ्याण्णववर. घरातला रेडिओ त्याच सुमारास वादळात पाण्यात गेला होता. म्हणजे सात महिने या घरानं भजन ऐकलं नव्हतं, बातम्या ऐकल्या नव्हत्या, आणि कोण गेलं, कुठल्या गावी, क्रियाकर्म कधी, हे रोज दुपारी वाचतात तेही ऐकलं नव्हतं. तोवर कुणाचं काही अडलं नव्हतं.

मग शनिवारी बाजारात, दुधीचं वजन करता करता एक भाजीवाली बाई म्हणाली, "रती, बहिणीच्या मातीला दिसली नाहीस ती?"

भर बाजारात. दहा बायकांसमोर. रामरतीला आधी कळेचना कुठली बहीण. तिला बहीण एकच होती, फूलमती, आणि ती जाऊन आठ दिवस झाले होते.

सहा वर्षांनी तिनं भावाला पहिला फोन केला, तो शिव्या द्यायला.

"फोन करायला हात मोडले होते तुझे, हरदेव?"

"दीदी, रेडिओवर तीन वेळा वाचलं," हरदेव म्हणाला. "अख्ख्या व्हानुआ लेवू बेटानं ऐकलं. तू काय कानात बोळे घालून बसली होतीस? तुझ्या घरात आमचं नाव काढलेलं चालत नाही, मग फोन कुणाला करायचा, भिंतीला? रेडिओला दिलेल्या वर्दीत तुझं नाव घातलं होतं. तेराव्याच्या वर्दीतही घातलंय, बुधवारी दुपारी बातम्यांनंतर वाचतील. पटत नसेल तर ऐक."

तिनं फोन आदळला. खोटारडा. लहानपणी आंबे स्वतः खायचा आणि कोयी तिच्या उशाखाली ठेवायचा, तो हाच. तिनं मनाशी ठरवलं: स्वतःच्या कानानं ऐकीन. नाव वाचलं, तर गुरुवारी तेराव्याला जाईन. नाही वाचलं, तर भाऊही गेला म्हणून त्याच दिवशी डोक्यावरून पाणी घेईन. सोमवारी मोडीतल्या गाड्यांच्या वाड्यात जाऊन तिनं पस्तीस डॉलरला एक जुना रेडिओ उचलला. तारा कापलेल्या, एक बटण गायब, पण आकडा एकशे आठपर्यंत जाणारा.

आज बुधवार. आणि दहा नंबरचा पाना नव्हता.

"मेरेवाई!" तिनं कुंपणापलीकडे हाक मारली. "दहाचा पाना आहे का गं?"

शेजारीण मेरेवाई कसाव्याच्या कंदांची टोपली कडेवर घेऊन आली. पाना तिच्या एप्रनच्या खिशात होता. तिचा नवरा बोटीचं इंजीन उघडून बसला होता, त्याच्या हातातून काढून आणला असणार.

"बिसेसर, ही गाडी कापतेय की काय?" तिनं आत वाकून बघितलं. "रेडिओच ऐकायचाय ना? दुकानात जा की. तिथं दिवसभर तुमचंच स्टेशन ओरडत असतं."

"दुकानात दहा पुरुष बाकावर बसलेले असतात. माझं नाव वाचलं नाही, तर त्यांच्यासमोर तोंड कुठं लपवू? एकदा बाजारात झाली तेवढी शोभा पुरे."

"आणि वाचलं तर?"

"तर वाचलं," रामरती म्हणाली आणि बॉनेट उघडून बॅटरीची तार सोडवायला लागली.

मेरेवाईनं बिसेसरकडे बघून भुवया उडवल्या. तो मान खाली घालून टोपीची कड चाचपत होता. तिनं दोन कसावे गाडीच्या टपावर ठेवले आणि ती गेली.

चार स्क्रू, दोन नट, आणि जुना रेडिओ शेपटासकट हातात आला. रामरतीनं तो मागच्या सीटवर फेकला. भोकातून तारांचा गुंता बाहेर लोंबत होता, आणि त्यांचे रंग नव्या रेडिओच्या रंगांशी अजिबात जुळत नव्हते. दुसऱ्या कुणी हात टेकले असते. पण तिनं एकोणीस वर्षं कपड्यांच्या कारखान्यात काढली होती. शिलाईयंत्राची मोटर बंद पडली की मिस्तरीची वाट न बघता स्वतः उघडायची. तिनं इंडिकेटरचा एक दिवा घेतला, त्याला दोन तारा जोडल्या, बॅटरी पुन्हा लावली आणि एकेक तार तपासायला बसली. जी सतत जिवंत ती नव्याच्या पिवळीला. जी किल्ली फिरवल्यावर जिवंत ती लालला. जी लोखंडाला जाते ती काळीला. मग बॅटरी परत काढून तारा पिळायच्या, वर चिकटपट्टी.

हात चालत होते तसं तोंडही चालत होतं.

"म्हणे मुहूर्त थांबत नाही! माझी बस पुलावर अडकली, पाणी चढलं होतं, ते काय मी चढवलं?"

ही गोष्ट बिसेसरला पाठ होती. हरदेवच्या मुलाचं लग्न. नवऱ्यामुलाच्या लाह्या भाजायचा मान आत्याचा, आणि आत्या दोन. रामरती नवी साडी नेसून, गुडघाभर चिखल तुडवत मांडवात पोचली, तेव्हा लाह्या भाजून झाल्या होत्या. थोरल्या फूलमतीनं एकटीनंच भाजल्या. धुरानं लाल झालेले डोळे पुसत ती म्हणाली, "मुहूर्त थांबत नाही, रती." बस, एवढंच. 'ये' नाही, 'बस' नाही. रामरती तिथूनच फिरली, पाणीसुद्धा न पिता. घरी आल्यावर उंबऱ्यात उभी राहून तिनं नवऱ्याला सांगितलं: त्या घरातल्या कुणाचं नाव जो या घरात काढील, तो माझं मेलं तोंड बघेल.

"मला म्हणायला काय जात होतं तिला, की रती, अर्ध्या तुझ्यासाठी ठेवल्यात? मूठभर! मूठभर लाह्यांनी काय लग्न अडलं असतं?" तिनं चिकटपट्टी दातांनी तोडली. "आणि आता गेली. भांडण अर्धवट टाकून गेली. अशी कशी गेली?"

बिसेसरनं टपावरचे कसावे उचलून ओट्यावर नेऊन ठेवले.

बारा वाजून दहा मिनिटांनी तिनं बॅटरी लावली, किल्ली फिरवली. रेडिओचा आकडा हिरवा उजळला. तिनं तो सत्त्याण्णव, साडेसत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णववर नेला. नुसती खरखर. आवाज वाढवला, खरखर वाढली. हात मागं घालून बघितलं तेव्हा कळलं: गाडीच्या एरियलच्या तारेचं टोक वेगळं, रेडिओचं भोक वेगळं. बसतच नव्हतं.

"जळ्ळं मेलं नशीब!" तिनं स्टिअरिंगवर मूठ मारली, तसा हॉर्न वाजला आणि मेरेवाईच्या कोंबड्या उडाल्या. "सगळं केलं. सगळं केलं आणि या एवढ्याशा टोकासाठी... लबासाला जाऊन येईपर्यंत वाचून होईल."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं काळ्या हातानंच पुसलं. मग तिला समोर एक पंजा दिसला. बिसेसरचा, उसाच्या पात्यानं चिरा पडलेला. त्यावर एक छोटा पितळी जोड होता. एका बाजूला गाडीच्या तारेचं टोक बसेल असं भोक, दुसऱ्या बाजूला रेडिओच्या भोकात बसेल असं टोक.

"हे कुठलं?"

"सोमवारी आणलं. दुकानवाला म्हणाला, हे लागतंच."

"आणि सकाळपासून खिशात घेऊन उभे आहात?"

"तू विचारलं नाहीस."

तिला त्याला गाडीखाली घालावंसं वाटलं. पण साडेबाराच्या बातम्यांना दोनच मिनिटं होती. जोड खटकन बसला, आणि गाडीत एका बाईचा आवाज इतका स्पष्ट आला, की दोघंही दचकले. बातम्या. उसाच्या गाड्यांची गिरणीवरची रांग. राजधानीत, सुव्याला, मंत्री काय म्हणाले ते. रामरती दोन्ही हात मांडीवर ठेवून ताठ बसली. बिसेसर दाराशीच उभा राहिला, आत आला नाही.

मग बाईचा आवाज खाली उतरला.

"वाइनिकोरो इथल्या स्वर्गवासी फूलमती यांचं तेरावं उद्या, गुरुवारी, सकाळी नऊ वाजता त्यांचे भाऊ हरदेव यांच्या राहत्या घरी होईल. त्यांच्या मागे भाऊ हरदेव, भावजय शांती, धाकटी बहीण रामरती, मुक्काम ताम्बिया..."

"वाचलं," रामरती म्हणाली. सकाळपासून वर चढलेले तिचे खांदे एकदम खाली आले. "अहो, वाचलं. माझं नाव वाचलं."

"...दुःखाच्या काळात ज्यांनी आधार दिला त्या सर्वांचे कुटुंब आभारी आहे. विशेषतः शेवटचे दोन दिवस इस्पितळात फूलमती यांच्या उशाशी बसून राहिलेले आणि अंत्ययात्रेत खांदा दिलेले मेहुणे बिसेसर, मुक्काम ताम्बिया, यांचे..."

रामरती त्याच्याकडे वळली नाही. ती समोरच्या काचेकडेच बघत होती. दोन आठवड्यांपूर्वी तो टोळी घेऊन सेआंगांगाला गेला होता, ट्रक बिघडला म्हणून तिकडेच राहिला होता. परत आला तो घरात न येता आधी अंगणातल्या नळावर डोक्यावरून अंघोळ करून. उसाची काजळी लागली असेल, असं तिला वाटलं होतं. साबण तिनंच नेऊन दिला होता.

"तुम्ही होता तिथं."

"हरदेव शेतावर आला होता सांगायला."

"शुद्धीत होती?"

"पहिल्या दिवशी होत्या."

"पहिल्या दिवशी शुद्धीत होती, आणि मी इथं, पाऊण तासावर, भेंड्या तोडत होते!" आता ती वळली. "तुम्हाला जीभ नव्हती?"

"तू शपथ घातली होतीस." तो तिच्याकडे न बघता बोलत होता, टोपी हातात घेऊन. "नाव काढीन तर तुझं मेलं तोंड बघीन, म्हणालीस. एकीचं तर बघत होतोच तिथं. मी कसा बोलणार? आज रेडिओ बोलला. मी नाही बोललो."

"अहो, असल्या शपथा मोडायला घालतात!" ती इतक्या जोरात ओरडली, की मेरेवाई दारात आली आणि तिथंच थांबली. "मोडायला! सहा वर्षं मी वाट बघतेय, आज मोडाल, उद्या मोडाल. तुम्ही तोंड उघडाल, मी चार ताटं आपटीन, दोन दिवस जेवणार नाही, आणि मग जाऊ आपण! एवढं कळत नाही? एवढी वर्षं संसार केलात माझ्याशी, एवढं कळलं नाही?"

"नाही कळलं," बिसेसर म्हणाला.

रेडिओवर दुसऱ्या गावचं कुणीतरी गेलं होतं. त्याचे मुलगे, सुना, नातवंडं यांची नावं वाचली जात होती. बिसेसरनं टोपी डोक्यावर ठेवली. मग गाडीला वळसा घालून तो दुसऱ्या दारानं आत येऊन तिच्या शेजारी बसला. मागच्या सीटवरून जुना रेडिओ घसरून खाली पडला, तो त्यानं उचलला नाही.

"फूलमतीदीदी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज चिरकला. सहा वर्षांत हे नाव त्याच्या तोंडून पहिल्यांदाच येत होतं. "फूलमतीदीदींनी मला बघितलं, आणि माझ्या मागे दाराकडे बघितलं. विचारलं..."

तो अडखळला.

रामरतीनं काळवंडलेला हात पुढे करून रेडिओ बंद केला.

"काय विचारलं?" ती म्हणाली. "थांबू नका आता."