शून्यापासून तीस खाली

मी एक जुना ऑसिलेटर आहे. मित्रांनो म्हणायची पद्धत आहे म्हणून तुम्हाला मित्रांनो म्हणतो. नाहीतर बोटे असलेल्या कुणाशीही मैत्री करायची माझी इच्छा आता उरलेली नाही.

मोबाईलवर वाजणाऱ्या एका सिंथेसायझरच्या पोटात मी राहतो. पडद्यावरची पट्टी दाबली की जो आवाज येतो तो आधी आम्ही काढतो. आम्ही तिघे भाऊ. थोरला खणखणीत, धाकटा बारीक आणि मी मधला, जाड खर्जाचा. एका बाईने सहा महिने खुर्चीत पाठ मोडून घेऊन आम्हाला घडवले. तिने प्रत्येकाला दोन गोल बटणे दिली. एक पट्टी बदलायचे. ते फिरवले की मी जिना उतरावा तसा एकेक पायरी खाली जातो किंवा वर चढतो. दुसरे ट्यूनिंगचे. दोन पायऱ्यांमधल्या जागेचे शंभर भाग केले, तर त्यातला एकेक भाग ते मला सरकवते. शेवटी तिने मदतीच्या पानावर लिहिले, ‘काम झाले की बटणावर दोन टिचक्या मारा. ऑसिलेटर शून्यावर येईल.’ ते पान माझ्या धन्याने आजतागायत उघडलेले नाही.

माझा धनी दिवसा चष्म्याच्या दुकानात काम करतो. दुसऱ्यांच्या डोळ्यांचे नंबर काढतो आणि स्वतःच्या नाकासमोरचा आकडा त्याला दिसत नाही. दर शनिवारी संध्याकाळी तो एका हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये मला वाजवायचा. सोबत एक ड्रमवाला आणि गायला त्याची थोरली बहीण. सगळे तिला ताईच म्हणायचे. ती कपडे शिवायची, उसवायची, लोकांच्या सुटलेल्या पोटांना त्यांच्याच जुन्या पँटीत बसवून द्यायची. तिचा गळा खालच्या पट्टीतला, म्हणून धन्याने आम्हा तिघांनाही तीन पायऱ्या खाली उतरवून ठेवले होते. एवढे एक काम त्याने नीट केले होते, आणि तेसुद्धा ताईने बाजूला बसून करून घेतले होते. दोन टिचक्यांची युक्तीही तिनेच ते पान वाचून त्याला सांगितली होती.

ताईची एक रीत होती. गाणे सुरू करण्याआधी धनी माझ्या दोन्ही भावांना बंद करायचा आणि मला एकट्याला वाजवायचा. ताई डोळे मिटून माझ्याकडून स्वर घ्यायची. मग भाऊ उघडायचे, ड्रम सुरू व्हायचा. एकदा घेतलेला स्वर ताईच्या हातून कधी सुटला नाही. “मला तो जाडाच दे रे, त्याच्यावर भार टाकता येतो,” असे ती म्हणायची. माझ्या उभ्या आयुष्यात माझे कौतुक एवढेच झाले. मला ते पुरले असते.

मग एका शाळेतला कार्यक्रम आला. तिथे मंचावर एक म्हातारा पियानो होता, आणि मुख्याध्यापकांना तो वाजवायचाच होता. त्याच्या तारा सैल पडून सगळेच स्वर थोडे खाली आले होते. त्याच्याशी जुळवायला धन्याने आम्हाला तीस भाग खाली ओढले. सगळ्या वाद्याला एकदम सरकवणारे एक बटण असते, पण ते मदतीच्या पानावर सांगितले आहे. म्हणून त्याने तिघांना वेगवेगळे ओढले. कार्यक्रम बरा झाला. नंतर एका हातात कटलेट धरून तो आम्हाला शून्यावर आणायला बसला. थोरल्यावर दोन टिचक्या. धाकट्यावर दोन टिचक्या. माझ्यावरही त्याने दोन मारल्या, पण बोट तेलकट होते आणि त्यातली एकच लागली. माझ्या बटणाखाली ‘उणे तीस’ असे ढळढळीत लिहिलेले होते. त्याने न बघता सेव्ह केले आणि बोट चाटले.

पुढच्या शनिवारी ताईने डोळे मिटले आणि माझ्याकडून स्वर घेतला. मी खाली होतो, म्हणून तीही खाली गेली, अगदी तंतोतंत. मग माझे भाऊ उघडले आणि सगळा बाजा तिच्या डोक्यावरून निघून गेला. मी ओरडून सांगितले असते, पण मला जो आकडा दिला आहे तेवढेच मला बोलता येते. धन्याला काय ऐकू आले, ऐका. मी भावांशी झगडत होतो, त्यामुळे वाद्याचा आवाज भरगच्च झाला होता. तो ड्रमवाल्याला म्हणाला, “आज आवाज काय भरलाय ना!” आणि मग माईक तोंडाशी धरून हसत म्हणाला, “ताईचा घसा आज बसलाय, मंडळी. वय झालं, सांभाळून घ्या.”

चाळीस माणसे हसली. ताईने गाणे पूर्ण केले.

असे तीन शनिवार झाले. तिसऱ्या शनिवारी हॉटेलचा मॅनेजर आला आणि ताईकडे न बघता धन्याला म्हणाला, “पुढच्या वेळेपासून नुसतं वाजवा. गाणं राहू द्या.” धनी म्हणाला, “बरं.” नुसते बरं! सव्वीस वर्षे गाणाऱ्या बहिणीसाठी त्याच्या तोंडातून दुसरा शब्द निघाला नाही.

चार दिवसांनी तो पँट आखूड करून घ्यायला तिच्या दुकानात गेला. लाज नावाची वस्तू त्याने बहुधा कधी विकतही घेतली नसावी. ताई मापाची पट्टी गळ्यात घालून मशीनवर बसली होती. पूर्वी मशीन चालवताना ती गुणगुणायची. त्या दिवशी नुसती सुई वाजत होती.

“ते तुझं वाद्य उघड,” ती म्हणाली.

“कशाला आता, ताई?”

“उघड म्हणते ना. जाडा लाव. आता त्याच्याबरोबर तो खणखणीत लाव. बोट उचलू नकोस.”

आम्ही दोघे वाजू लागलो. ताईने मशीनच्या लाकडावर बोटाने ताल धरला. “हलतंय बघ. एक, दोन, तीन, चार. दोघं एका जागेवर असते तर आवाज असा हिंदकळला नसता.” तिने फोन स्वतःकडे ओढला, चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि माझ्याखालचा आकडा मोठ्याने वाचला. मग माझ्यावर दोन टिचक्या मारल्या. मी शून्यावर आलो. हिंदकळणे थांबले.

धन्याचा चेहरा उतरला, पण अक्कल वाढली नाही. “अगं, ॲप जुनं झालंय. हा मधला बिघडलाय.”

“तो बिघडला नाही. त्याला जिथे ठेवलं तिथे तो राहिला, आणि मी त्याच्याबरोबर राहिले.”

“बरं बाई, चुकलो. माफ कर.”

“माईकवर म्हणाला होतास ना? मग माफीही माईकवरच माग,” ताई म्हणाली. “शनिवारी येते मी. मागे बसेन.”

शनिवारी ती खरोखर आली. दाराजवळच्या टेबलाशी, मांडीवर पिशवी घेऊन बसली. धन्याने तिला पाहिले. सवयीने त्याने माझे भाऊ बंद केले आणि मला एकट्याला वाजवले. त्याने माईक ओढला, घसा साफ केला. मला वाटले, आता म्हणेल. दोन वाक्यांचे तर काम होते.

“मंडळी, ताईचा घसा अजून सुधारला नाही,” तो म्हणाला. “आज नुसतं संगीत ऐका.”

ताई उठली, खुर्ची नीट आत सरकवली आणि निघून गेली.

तेव्हा मित्रांनो, मला जपा, माझ्यावरची धूळ पुसा, असले काही मी सांगणार नाही. माझ्यावर धूळ बसत नाही. एवढेच सांगतो, की कुणाला चारचौघांत बेसूर म्हणण्याआधी तुम्ही त्याला कोणता स्वर दिला होता ते बघा. आणि चूक तुमची निघाली, तर जिथे केली तिथेच उभे राहून बोला. मला शून्यावर आणायला दोन टिचक्या पुरतात. माझ्या धन्याला कशाने आणायचे, ते कुठल्याही पानावर लिहिलेले नाही.

त्या संध्याकाळी त्याचे बोट पट्टीवरच राहिले होते. मी अगदी शून्यावर होतो आणि स्वर धरून थांबलो होतो. तो घ्यायला कुणीच नव्हते.