काच सुकेपर्यंत

बारकी म्हणजे काही लहान पोर नाही हो, चांगली दोन लेकरांची आई. भावंडांत सगळ्यात धाकटी म्हणून नाव पडलं ते पडलंच. फोटो-स्टुडिओवाल्या काकांच्या हाताखाली तिने पुष्कळ लग्नं केली होती, म्हणजे लाइटचा स्टँड धरून उभं राहायचं आणि पाहुण्यांना ‘जरा सरका ना’ म्हणायचं. शेवटी काकांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्यांनी एक अख्खं लग्न तिच्या गळ्यात टाकलं.

‘‘सगळं दोन-दोन घे,’’ काका तिच्या कानीकपाळी ओरडत होते. ‘‘कॅमेरे दोन, लेन्स दोन, कॅमेऱ्यात कार्डंसुद्धा दोन. बॅटऱ्या खिसे भरून. बूट जुनेच घाल, नवे चावले की फोटोतली माणसंही रडकी येतात. आणि आदल्या दिवशी हॉल बघून ये. एकावर भिस्त ठेवायची ती फक्त नवऱ्यावर, आणि तीही बेताने!’’

बारकीने अक्षर न् अक्षर पाळलं. हॉल बघायला गेली, तिथेच तिला नवरी भेटली. नवरीने तिला बाजूला घेतलं.

‘‘ताई, बाकीचे फोटो फसले तरी मी एक शब्द बोलणार नाही. पण बाबांबरोबरचा एक हवा. ते हॉस्पिटलमध्ये आहेत. डॉक्टरांनी जेमतेम थोडा वेळ सोडायचं कबूल केलंय, तेही सिस्टर सोबत असतील तर. परत कधी...’’

‘‘काढते. अगदी डोळ्यांत तेल घालून काढते,’’ बारकी म्हणून तर गेली. काकांसमोर चूक झाली तर काका ओरडायचे. इथे ओरडायलाही कुणी नव्हतं, आणि चूक दुरुस्त करायला दुसरा दिवसही नव्हता.

मग तिने जागा हेरली. हॉलच्या मागे काचेच्या भिंतींची एक खोली होती. सगळीकडे कुंड्या, मोठ्या पानांची झाडं आणि काय तो उजेड! मऊ, दोन्ही बाजूंनी येणारा. चाकाची खुर्चीही सरळ आत येईल. बारकी स्वतःवरच खूश झाली.

लग्नाच्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. बारकीचा नवरोबा गाडी चालवायला. बायकोचं पहिलं काम, त्यामुळे स्वारी तिच्याहून जास्त घाबरलेली. ‘‘कॅमेरे तापतील हं,’’ म्हणत त्याने एसी पूर्ण सोडला आणि बॅग पुढे, थेट वाऱ्याच्या तोंडाशी उघडी करून ठेवली. वाटभर दोघं कुडकुडत होती, पण कॅमेऱ्यांचे लाड चालले होते. बारकीला वाटलं, असा नवरा मिळायला भाग्य लागतं.

हॉलवर पोहोचते तोच निरोप आला, बाबा आलेत, लवकरच आलेत. बारकी बॅग घेऊन धावत काचेच्या खोलीत शिरली. माळ्याने कुंड्यांना नुकतंच पाणी घातलं होतं. आत दमट, उबदार हवा, अंघोळीनंतरच्या मोरीसारखी. खुर्चीत बाबा, शेजारी सजलेली नवरी, मागे सिस्टर. बारकीने कॅमेरा डोळ्याला लावला आणि तिच्या तोंडचं पाणी पळालं.

पांढरं. नुसतं पांढरं! गार काचेवर वाफ धरली होती. तिने फडक्याने पुसलं, दुसऱ्या क्षणी परत धरली. दुसरा कॅमेरा काढला, त्याचीही तीच गत. दोन-दोन घेतलं होतं, पण दोन्ही एकाच बॅगेत, एकाच गारव्यात! हे काकांनी सांगितलं नव्हतं. काकांच्या खटाऱ्याला एसीच नव्हता, त्यांना बिचाऱ्यांना कुठून सुचणार?

‘‘मोबाइलवर काढा की,’’ सिस्टर घड्याळ बघत म्हणाल्या.

बारकी सरळ कबूल करून मोकळी झाली. ‘‘बाबा, माझी चूक झाली. लेन्स गार पडलीय, खोलीच्या उबेला आली की आपोआप सुकेल. थोडं थांबावं लागेल. फार वाईट वाटतंय हो मला.’’

बाबा हसले. आवाज बारीक, पण हसणं खणखणीत. ‘‘अगं, मोबाइलवर पलंगावरचे ढीगभर फोटो निघालेत माझे. एक तरी धड निघू दे. आणि महिनाभर हॉस्पिटलात यंत्रांचीच वाट बघतोय मी. त्यात अजून एक!’’

बारकीने दोन्ही कॅमेरे उन्हाच्या पट्ट्यात ठेवले आणि झाडाआड उभी राहिली. आता ‘इकडे बघा, हसा’ म्हणायला कुणी नव्हतं. मग नवरी म्हणाली, ‘‘गोळी घेतलीत का?’’

‘‘पुरे गं गोळ्या! महिनाभर तेवढंच बोलतेयस तू माझ्याशी.’’ बाबा म्हणाले. ‘‘ऐक. तुझी आई गेली तेव्हा तू केवढीशी होतीस. मी खचलो, आणि घर तू उचललंस. स्वयंपाक, धाकट्याचा अभ्यास, माझी चिडचिड, सगळं. मी कधी तोंडाने म्हटलं नाही. आज म्हणतो. बाळा, तू होतीस म्हणून मी उभा राहिलो. फार केलंस माझ्यासाठी.’’

नवरी खुर्चीशी खाली बसली आणि त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकून रडायला लागली. पोशाखाची पर्वा नाही, काजळाची नाही. बाबा तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले आणि हळूहळू कसली तरी जुनी गंमत सांगू लागले. रडता रडता ती हसायला लागली.

बारकीने उन्हातल्या लेन्सकडे पाहिलं. काच स्वच्छ, लख्ख. हात कॅमेऱ्याकडे गेला. पण आता पुढे गेलं की दोघं सावरून बसणार, आणि एक फोटो झाला की सिस्टर खुर्ची वळवणार. तिने हात मागे घेतला.

‘‘सुकली का हो?’’ सिस्टरनी विचारलं.

‘‘अजून जराशी आहे,’’ बारकी धडधडीत खोटं बोलली.

नवरी स्वतःच उठली, डोळे पुसून ‘‘ताई, बघा ना आता’’ म्हणाली, तेव्हा कुठे बारकीने कॅमेरा उचलला. फोटो छान निघाले. बाबांच्या चेहऱ्यावर आजाराचं नावसुद्धा नव्हतं. बारकीने तिथल्या तिथे नवरीला दाखवले, आणि तिने बारकीला घट्ट मिठी मारली.

सिस्टर खुर्ची ढकलत निघाल्या. बारकी दार धरायला पुढे झाली, तशी बाबांनी खूण करून तिला जवळ वाकायला सांगितलं.

‘‘पोरी, काच मघाशीच सुकली होती ना? माझं तोंड तिकडेच होतं.’’

बारकी चांगलीच गोरीमोरी झाली.

त्यांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. ‘‘मी मनातल्या मनात म्हणत होतो, ही आता कॅमेरा उचलते की काय. नाही उचललास. फार उपकार झाले गं.’’

‘‘उपकार कसले बाबा, तुम्ही थांबलात माझ्यासाठी,’’ ती कशीबशी म्हणाली.

गाडी फाटकाबाहेर जाईपर्यंत ती हात हलवत राहिली. मग ओढणीने डोळे कोरडे केले आणि आत धावली, कारण नवरदेवाकडची माणसं दारात येऊन उभी होती.