वाचले असे समजावे

आमच्या नगरपालिकेच्या कार्यालयात वाचनाचं काम माझ्याकडे. वरून नवा कायदा किंवा बदललेलं धोरण आलं, की महिन्याच्या सभेत उभं राहून ते सदस्यांना वाचून दाखवायचं. वाचायचं कसलं डोंबल. मी विषय सांगायचा, "वाचले असे समजावे" म्हणायचं, की पटापट हात वर. सगळ्यांचं लक्ष चहाकडे.

त्या दिवशीचं धोरण मात्र मी आधीच वाचलं, कारण त्यात 'पाळणाघर' हा शब्द दिसला. ज्या इमारतींतून उत्पन्न नाही त्या भाड्याने द्याव्यात, पाळणाघरंही त्यातच धरावीत. आमच्या हद्दीत पाळणाघर एकच. झाडूवाल्या, दुकानांत राबणाऱ्या बायांची पोरं तिथे असतात, आणि ते चालवतात माझ्या थोरल्या जाऊबाई.

जाऊबाईंचं नि माझं विळ्याभोपळ्याचं सख्य. माझा केर अर्धवट, माझ्या आमटीत मीठ कमी, त्यांना सगळं दिसतं. पण माझी पोर तापाने फणफणली होती तेव्हा मी सभेत होते आणि पोर त्यांच्या मांडीवर. बोलल्या नसत्या तर त्या जाऊबाई कसल्या, पण मांडी हलवली नाही त्यांनी.

मी मोठ्या साहेबांकडे गेले. म्हटलं, "साहेब, शेवटच्या पानावर लिहिलंय, सभेला वाटलं तर पाळणाघरं वगळता येतात."

"शेवटचं पान वाचतंय कोण?" साहेब हसले. "तिथे दुकानांचे गाळे काढायचेत, गिऱ्हाईकही ठरलंय. तुम्ही नेहमीसारखं म्हणा नि खाली बसा. उगाच डोक्याला ताप नको."

माझं डोकं सणकलं. इतकी वर्षं यांनी मला उभं केलं ते गप्प बसण्यासाठीच, हे तेव्हा कळलं.

सभेत माझा विषय आला. साहेबांनी मान हलवली. मी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.

आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही. मग एकेकाचा कप खाली आला. साहेब दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, काय चाललंय?"

"वाचतेय."

"समजावे म्हणा की."

"मलाच आज समजतंय, साहेब. यांना कसं समजलं असेल?"

त्यांनी माईक बंद करायला लावला. मी आवाज चढवला. घरी जाऊबाईंशी वाद घालून घालून माझा गळा तयार झालेला आहे, माईक हवाय कुणाला. एक सदस्य कंटाळून उठले, दुसऱ्यांनी त्यांना सदरा धरून खाली बसवलं. मी शेवटचं पान वाचलं आणि विचारलं, "पाळणाघर वगळायचं का? हात वर करा."

अध्यक्षबाईंनी साहेबांकडे न बघता हात वर केला. मग बाकीचे. नंतर कळलं, अध्यक्षबाईंची कामवाली आपलं बाळ तिथेच ठेवते. पाळणाघर राहिलं.

मी मात्र राहिले नाही. दुसऱ्याच दिवशी माझी बदली रस्त्यावरच्या दिव्यांकडे झाली. साहेब म्हणाले, "वाचायची फार हौस ना? खांबांवरचे आकडे वाचा." मी म्हटलं, "वाचते की. मोठ्याने वाचू?"

घरी जाऊबाईंनी गरम पाण्याचा पेला पुढे केला. "घसा बसलाय तुझा. आणि आमटीत आजही मीठ नाही." मी पाणी प्यायले. डोळे भरून आले, ते मात्र त्यांना दाखवले नाहीत.

पुढच्या सभेला माझ्या जागी साहेबांच्या मर्जीतला एक जण उभा होता. मी मागे दारात थांबले. त्याने विषय सांगितला आणि नेहमीचं वाक्य म्हटलं. हात वर जायला लागले.

लोकांसाठीच्या बाकांवरून जाऊबाई उठल्या. कडेवर कुणाचं तरी पोर होतं. त्यांच्या मागे झाडूवाल्या, दुकानांतल्या बाया, सगळ्या उठल्या.

"इथे लोकांनी बोलायचं नसतं," साहेब म्हणाले.

"बोलत नाही आम्ही," जाऊबाई म्हणाल्या. "ऐकायला आलोय. वाच रे बाबा, पहिल्या ओळीपासून."

वर गेलेले हात खाली आले, आणि तो वाचायला लागला.