फाटकापर्यंतचं टपाल

चार वाजता गाडी येणार होती आणि पावणेतीनला ताईंनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "तुझं ते घरातलं टपाल बंद करून टाक. काही उपयोग नाही त्याचा."

दुसऱ्या कोणी असं म्हटलं असतं तर मी ऐकून घेतलं नसतं. मी दिवसभर लोकांच्या ऑफिसांतली नेटवर्कं दुरुस्त करते आणि आमच्या घरातलं हे टपाल मी माझ्या हातांनी उभं केलंय. पण ताई माझ्या थोरल्या नणंद, आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की माझं तोंड आपोआप मिटलं.

"आठ दिवस झाले," त्या म्हणाल्या. "बाबांना एकच प्रश्न विचारला होता मी. एका ओळीचं उत्तर नाही. नसेल द्यायचं तर नको. मी चालले."

प्रश्न कोणता ते मला माहीत होतं, कारण पाठवण्याआधी तो त्यांनी मला वाचून दाखवला होता. तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी सांगितलं की बाबांचं स्वरयंत्र काढावं लागेल, नाहीतर काही खरं नाही. बाबा अडून बसले. जायचं तर आवाजासकट जाईन, म्हणाले. ताई बोटीवर विजेचं काम बघतात. ते सोडून त्या धावत आल्या, दोन दिवस बापाशी भांडल्या आणि शेवटी त्यांची सही घेतली. ऑपरेशन चांगलं झालं. आवाज तेवढा गेला.

आठ दिवसांपूर्वी माझी मुलगी खारू रस्त्याकडे पळाली. बाबा पायरीवर बसले होते. त्यांनी हाक मारायला तोंड उघडलं आणि गळ्यातल्या छिद्रातून नुसती हवा आली. खारू मागे वळलीसुद्धा नाही. तिला मी पकडलं, काही झालं नाही, पण बाबांनी हातातली लिहून बोलायची पाटी जमिनीवर आपटली. तिचा एक कोपरा उडाला. ताई दारात उभ्या होत्या. त्या तशाच वर गेल्या आणि त्यांनी लिहिलं, "बाबा, मी तुम्हाला सही करायला लावली. चूक झाली का माझी?"

आता त्या पुन्हा बोटीवर निघाल्या होत्या, नऊ महिन्यांसाठी. बाबांचा फोनशी उभा दावा. आवाज होता तेव्हाही तो कानाला लावायचे नाहीत, आता तर बोलायलाच नको. म्हणजे जे व्हायचं ते चारच्या आत व्हायला हवं होतं. नाहीतर ही बाई नऊ महिने समुद्रावर एवढंच उराशी घेऊन फिरणार होती की बापाने उत्तर दिलं नाही.

"मला अर्धा तास द्या," मी म्हणाले.

"बघ काय बघायचं ते," त्या म्हणाल्या आणि बॅग भरायला गेल्या.

आमचं टपाल म्हणजे फार मोठं प्रकरण नाही. जिन्याखाली एक जुना कॉम्प्युटर आहे, त्याला आम्ही डबा म्हणतो. घरातल्या प्रत्येकाचं त्यात एक खातं. बाबांनी मागच्या खोलीतून पत्र टाकलं की ते डब्यात येतं आणि तिथून ज्याचं त्याच्या फोनवर वाजतं. सगळं घरातल्या वायफायवर. फाटकापलीकडे ते जात नाही, कारण बाबांची तशी अट होती. घरातलं बोलणं गावभर हिंडून परत शेजारच्या खोलीत का यावं, असं टपाल सुरू करतानाच ते म्हणाले होते. चाळीस वर्षं छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस. मोठ्या बटणांचा कीबोर्ड दिला तसे ते खूश झाले. आवाज गेल्यावर जवळच्या बोलण्याला पाटी, सविस्तर काही असेल तर टपाल. ताई आजवर त्यांच्या उशाशीच असायच्या, तेव्हा त्यांचं काम पाटीवर भागायचं. "बाळ जेवलं का?" असं पाटीवर लिहून ते मला विचारायचे आणि शेहेचाळीस वर्षांचं ते बाळ स्वयंपाकघरात मला डोळे वटारून दाखवायचं.

मी आधी माझ्या फोनवरून ताईंना एक पत्र टाकलं. क्षणात वर वाजलं. वर जाऊन ताईंच्या फोनवरून बाबांना टाकलं. तेही गेलं. म्हणजे वाट साफ होती. राहिले बाबा.

ते खिडकीशी बसले होते, पाठ दाराकडे.

"बाबा, ताईंच्या पत्राला उत्तर लिहिलंत?"

त्यांनी पाटी उचलली. "लिहिलं."

"कधी?"

"त्याच दिवशी."

"मला दाखवा बरं." मी स्क्रीनकडे हात केला तर त्यांनी आख्खा पंजा त्यावर ठेवला. बापलेकीतलं पत्र, सुनेने का वाचावं. मला ते पटतंही, पण घड्याळात सव्वातीन झाले होते आणि त्यांच्या त्या पंजाने माझं डोकं फिरलं.

मी जिन्याखाली जाऊन बसले. डब्यात लॉग असतो, म्हणजे कोणी कोणाला कधी पत्र धाडलं याची ओळीओळीने नोंद. ताईंच्या नावाने आलेलं सगळं शोधलं. आठ दिवसांत एकच ओळ निघाली. ती मी मघाशी टाकलेल्या चाचणीच्या पत्राची.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. एक बाई वर बॅग भरताना डोळे पुसतेय आणि हे महाशय लिहिलं म्हणून सांगतायत.

"बाबा, तुम्ही काही पाठवलेलं नाही," मी खोलीच्या दारातूनच म्हणाले. "नसेल लिहायचं तर तसं सांगा. लॉग खोटं बोलत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग सावकाश, छापल्यासारख्या अक्षरांत पाटीवर लिहिलं. "मीही नाही."

त्यांनी पाटी पुसली आणि पुन्हा लिहिलं. "तिनेच उत्तर दिलं नाही."

तेव्हा कुठे माझं डोकं ताळ्यावर आलं. न लिहिलेल्या पत्राच्या उत्तराची कोणी आठ दिवस वाट बघत नाही. खालचे रुसले होते ती वरची बोलत नाही म्हणून आणि वरची रुसली होती खालचे बोलत नाहीत म्हणून, आणि मी लोकांची नेटवर्कं दुरुस्त करणारी शहाणी माणसालाच खोटं पाडून बसले होते.

परत जिन्याखाली. या वेळी कोणाला आलं ते सोडलं आणि कोणी धाडलं ते शोधलं. बाबांच्या नावाने सात ओळी निघाल्या, जवळजवळ रोज एक. शेवटची आज सकाळची. प्रत्येकीच्या शेवटी डब्याने इमानेइतबारे लिहिलं होतं की पत्र पोचवलं. आणि पत्ता होता इंग्रजी तीन अक्षरांचा. बी, ए, एल. बाळ.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. असं कोणी घरात नसतं तर डब्याने पत्र परत केलं असतं, असा माणूस इथे राहत नाही म्हणून. पण आमच्या डब्यात बाळ होतं. खारू पोटात असताना माझ्या नवऱ्याने मोठ्या हौसेने ते खातं उघडलं होतं. सगळ्यांनी बाळाला पत्रं लिहायची, ते अठरा वर्षांचं झाल्यावर वाचेल, तोवर कोणी उघडायचं नाही असा शब्द एकमेकांना दिलेला. वर्षभर लिहिलं आणि विसरलो. बाळाची खारू झाली, ते खातं तसंच राहिलं. कधीच कुठे वाजणार नाही असं खातं.

मी धावत मागच्या खोलीत गेले. "उत्तराचं बटण का नाही दाबलंत? ते बरोबर गेलं असतं."

त्यांनी लिहिलं, "उत्तराला कोरा कागद घ्यावा."

"मग पत्ता? तुमच्यासमोर चिकटवलाय मी, ताई म्हणून. बाळ का लिहिलंत?"

बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं जसं काही मीच खुळी आहे. "मग काय लिहू?"

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. चारला दहा कमी होते. गाडी लवकर आली होती.

नवऱ्याला कामावर फोन लावला. "बाळाचं खातं उघडू का?"

"अगं, शब्द दिलाय आपण."

"उघडू का ते सांग."

माझा आवाज ऐकून त्याने पुढे काही विचारलं नाही. "उघड," म्हणाला.

वर चाकांची बॅग पायरीपायरीवर आपटत माझ्या डोक्यावरून खाली आली. मी खातं उघडलं. जुनी, न वाचलेली पत्रं खाली रांगेने होती, त्यातली काही माझीच. त्यांच्याकडे बघायलाही मला भीती वाटली. वरची सात मी एकेक करून उचलली, न वाचता, आणि ताईंच्या खात्यात ठेवायला लागले. घाईत पाचवं पत्र चुकून पुन्हा बाळातच पडलं, ते परत उचललं. मागच्या खोलीच्या दाराशी ताईंचा आवाज आला, "येते." पाठोपाठ बाहेरचं दार लागलं. सातवं जागेवर ठेवलं आणि उठताना जिन्याच्या लाकडावर कपाळ आपटलं. त्याचंही काही वाटलं नाही.

मी फाटकाबाहेर पोचले तेव्हा गाडी सुरू झाली होती. मी बॉनेटवर हात ठेवून उभी राहिले. ड्रायव्हरने काच खाली केली आणि माझ्या कपाळाकडे बघत राहिला.

"ताई, तुमचं टपाल आलंय. फोन बघा."

"काही आलेलं नाही," त्या पुढे बघत म्हणाल्या. "आणि आता नकोय मला."

"वायफाय बंद केलंत का?"

"अगं, निघाले मी."

"चालू करा." त्यांच्याशी अशा आवाजात मी कधीच बोलले नव्हते. त्यांनी चालू केलं. फोनवर नुसतं चक्र फिरत राहिलं. माझं टपाल फाटकापर्यंतचं, आणि गाडी फाटकापासून चार हात पुढे.

"गाडी मागे घ्या," मी ड्रायव्हरला सांगितलं.

"मॅडम, मागे फाटक आहे."

"मग फाटकात घाला."

त्याने ताईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि गाडी मागे घेतली. मागची चाकं अंगणात आली. चक्र फिरत होतं. मग फोन वाजला. एकदा, आणि थांबून पुन्हा, असा सात वेळा.

ताई वाचायला लागल्या. वाचणं लगेच संपलं, तरी त्या मान वर करेनात. शेवटी त्यांनी फोन माझ्यासमोर धरला, म्हणून मी वाचलं. नाहीतर वाचलं नसतं.

पहिल्या पत्रात होतं, "बाळ, चूक नाही. आवाज गेला, मी आहे. पाटी फोडली ती माझ्यावरच्या रागाने, तुझ्यावरच्या नाही." पुढच्या पाचांत दोनच शब्द होते, दर वेळी तेच. "पोचलं का?" आजच्या पत्रात, "बाळ, निघण्याआधी एवढं सांग. पोचलं का?"

बाबा पायरीवर येऊन उभे होते. हातात पाटी नव्हती. ती आणायचं त्यांना सुचलं नसावं. मला त्यांची माफी मागायची होती, पण तो क्षण माझा नव्हता. ती मी संध्याकाळी मागितली.

ताई गाडीतून उतरल्या. दार उघडंच ठेवून त्या अंगणात आल्या आणि बापापासून दोन पावलांवर थांबल्या.

"पोचलं, बाबा," त्या म्हणाल्या. "आत्ता पोचलं."

बाबांचे ओठ हलले. आवाज फुटला नाही, नुसती हवा आली. आणि ताईंनी ओ दिली.