सोपवू नका

“काका, सुरू करा तुम्ही,” पाळकसाहेब म्हणाले, आणि ऑपरेशन थिएटरबाहेरच्या बाकांवर बसलेली मंडळी उठून उभी राहिली. सगळ्यांनी डोळे मिटले. काकांनी मात्र उघडेच ठेवले. समोरच्या बंद दारावर लाल दिवा जळत होता आणि दाराआड त्यांची एकुलती एक लेक होती. अपेंडिक्स फुटून पोटभर पू झाला होता. सकाळी सही घेताना डॉक्टरांनी काही हातचं राखून सांगितलं नव्हतं. “आणायला उशीर झालाय. प्रयत्न करतो,” एवढंच ते म्हणाले होते.

प्रार्थना कोणी करायची हा प्रश्नच नव्हता. काकांचा जन्म बस स्टँडवर गाड्यांच्या घोषणा करण्यात गेला होता. गाडी रद्द झाल्याचं ते अशा काही मखमली आवाजात सांगायचे, की ताटकळलेले लोक शिव्या द्यायचेही विसरत. चर्चने तो आवाज केव्हाच हेरला. लग्न असो, नवं घर असो की मयत, काकांशिवाय पान हलत नसे. प्रार्थना लांबायची, पंगतीतलं जेवण गार व्हायचं. बायको त्यांना घरात ‘भोंगा’ म्हणायची आणि काका ते कौतुक समजायचे.

शेवटच्या बाकाजवळ चर्चमधल्या टेलरबाई उभ्या होत्या. गेल्या वर्षी याच दाराबाहेर काकांनी त्यांच्या मुलासाठी प्रार्थना केली होती. मुलगा गेला, पण त्या प्रार्थनेचं नाव लोक पुढे कितीतरी दिवस काढत होते.

“हे परमप्रिय स्वर्गीय पित्या,” काकांनी सुरुवात केली. आवाज नेहमीसारखाच लागला. स्ट्रेचर ढकलणारा वॉर्डबॉयसुद्धा थबकला. “आम्ही धुळीची माणसं तुझ्या समक्षतेत उभे आहोत...”

वाक्यामागून वाक्य येत होतं. जीभ आपलं काम चोख करत होती आणि काकांचे कान दाराला लागले होते. आत धातूचं काहीतरी खणकन पडलं. कोणीतरी घाईघाईने बोललं. एक नर्स बाहेर आली आणि रक्ताची पिशवी आणायला धावत सुटली. तरी काकांची जीभ थांबली नाही.

“...प्रभू, आमची ही लेक आम्ही तुझ्या हाती सोपवतो. तुझ्या इच्छेपुढे...”

बायकोने त्यांची बाही ओढली.

“सोपवू नका.”

काकांनी वळून पाहिलं.

“ते मयतीतलं आहे,” ती दात आवळून म्हणाली. “सोपवतो म्हणे. जिवंत आहे ती अजून. परत मागा तिला.”

पाळकसाहेबांनी डोळे उघडले. “काकू, शेवटी देवाची इच्छा...”

“त्याची त्याला ठाऊक आहे. आपली कोण सांगणार?”

चर्चमध्ये आजवर या बाईने कधी ब्र काढला नव्हता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. काकांनी घसा साफ केला. “हे पित्या,” ते म्हणाले आणि पुढे काही येईना. पुन्हा म्हणाले, पुन्हा तिथेच अडकले. इतकी वर्षं ते देवासमोर उभे राहत आले होते खरे, पण ते लोकांकडे तोंड करून. आवाज मागच्या बाकापर्यंत पोहोचतोय ना, याचीच काळजी. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं की कोणीतरी खरोखर ऐकतंय. सोपवलं की नकार ऐकावा लागत नाही. मागितलं, तर तो नाहीसुद्धा म्हणू शकतो.

“देवा,” काका म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की पाळकसाहेबांना वाकून ऐकावं लागलं. “मला पाहिजे ती. परवापासून पोट दुखतंय म्हणत होती. मीच म्हटलं, गॅस झाला असेल, पडून राहा. चूक माझी आहे. तिच्यावर नको काढूस. दे ना परत.”

मग ते नाक ओढत, लहान पोरासारखे रडायला लागले. आमेन कोणीच म्हटलं नाही. प्रार्थना संपली की नाही, हेच कोणाला कळलं नव्हतं.

दिवा विझला तेव्हा दुपार कलली होती. डॉक्टरांनी तोंडावरचा मास्क खाली ओढला. “वाचली,” ते म्हणाले. “काही दिवस जपावं लागेल, पण वाचली.”

काकू मटकन खाली बसल्या. बायकांनी त्यांना घेरलं, कोणी डोळे पुसले, कोणी फोन काढले. “काका, उपकारस्तुती तुम्हीच करा,” पाळकसाहेब म्हणाले. काका त्यांना ओलांडून सरळ शेवटच्या बाकाकडे गेले.

“बाई,” ते म्हणाले, “तुमच्या पोराच्या वेळी मी त्याला नुसता सोपवून मोकळा झालो. मागितलंच नाही हो मी.”

टेलरबाईंनी पदर सारखा केला. “तुम्ही नव्हतं मागितलं,” त्या म्हणाल्या. “मी मागितलं होतं. तुम्ही मोठ्याने बोलत होतात ना, तेवढा वेळ मी आतल्या आत मागतच होते.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि काकांना तेच सहन होईना.

“मग?” त्यांनी वेड्यासारखं विचारलं.

“मग काय? दर रविवारी देवापुढे जाऊन उभी राहते. विचारते, का नाही दिलास म्हणून. अजून सांगितलं नाही त्याने.” त्यांनी पाळकसाहेबांकडे हनुवटीने खूण केली. “जा तुम्ही. सगळे खोळंबलेत.”

पाळकसाहेब पुन्हा हाक मारत होते. काका गेले नाहीत. टेलरबाईंच्या शेजारी, भिंतीला पाठ लावून, तोंडातून अवाक्षर न काढता ते उभे राहिले.