कराव्याचा तोतया

तोतये काय इतिहासात कमी झाले? पानिपतानंतर एकजण सदाशिवरावभाऊ म्हणून उभा राहिला आणि कोकणातली माणसं त्याला मुजरे घालायला धावली. त्या बिचाऱ्याला निदान फौज, घोडे, तळ असला खटाटोप तरी करावा लागला. खाडीकाठच्या करावे गावात आला त्या तोतयानं कोंडिबाच्या दारात फक्त चपला काढल्या आणि "बाबा" म्हणून हाक मारली. झालं काम!

कोंडिबाचा मुलगा कान्हा सव्वीस वर्षांपूर्वी होडी घेऊन खाडीत गेला तो गेलाच. होडी सापडली, पोर नाही. तेव्हापासून म्हातारा खाडीकाठच्या कट्ट्यावर बसायचा आणि फ्लेमिंगो बघायला येणाऱ्या कुणालाही धरून कान्हाची कहाणी ऐकवायचा. गुडघ्यावरचा वण, कुत्र्याचं नाव, आईनं कुठल्या देवीला नवस बोलला, काही म्हणता काही ठेवायचा नाही. "बाबा, घरचं गावभर कशाला सांगतंस?" असं शालन कितीदा ओरडली असेल. म्हातारा ऐकेल तर शपथ.

शालन त्याची मुलगी. वय एक्कावन्न. नवऱ्यानं टाकली तेव्हा बापाकडे आली आणि बावीस वर्षं सीवूड्सच्या नाक्यावर कोलंबी नि निवट्या विकून बापाला पोसला. गेली चार वर्षं त्याचं हगणं-मुतणंही तीच काढत होती. गावातलं घर आणि सरकारनं शेती घेतली तिच्या बदल्यात साडेबारा टक्क्यांत मिळालेला प्लॉट, दोन्ही कोंडिबाच्या नावावर. बापामागं ते आपल्याकडे येईल, म्हातारपणी डोक्यावर छप्पर राहील, एवढाच तिला आधार. दुसरं होतं काय तिच्याकडे? कपाळ!

तोतया पंचेचाळिशीचा, बोलायला गोड. इतकी वर्षं वेरावळला बोटीवर होतो म्हणाला. गुडघ्यावर वण होता, कुत्र्याचं नाव पाठ होतं. गाव जमलं, पेढे वाटले, बायका डोळे पुसायला लागल्या. शालनलाही घटकाभर वाटलं, असेल बाई, देवाला काय अशक्य!

संध्याकाळी तिनं सहज विचारलं, "काय रं, आज पानी कसा हाय? उधान का भांग?"

"छे छे ताई! भांग-बिंग मी कधीच सोडली."

अरे कर्मा! भांग म्हणजे भरतीचं पाणी जेमतेम चढतं ते दिवस. कराव्यातलं शेंबडं पोरही सांगेल. आणि सव्वीस वर्षं बोटीवर काढलेल्याला ती प्यायची वाटली! शालन पोट धरून हसली, आणि हसता हसता बापाकडे वळली. कोंडिबा बाजूलाच बसला होता. तो नुसता खाकरला आणि म्हणाला, "इसरला आसंल."

आठवड्यात बिल्डर आला. त्याच्यामागून हक्कसोडपत्र आणि एक साडी. बहिणीनं भावासाठी हक्क सोडायचा आणि साडी घेऊन हसत घरी जायचं, ही आपली थोर रीत. जमीन जाते ती जाते, वर साडीही पॉलिस्टरची निघते. शालननं साडी अंगणात भिरकावली. "माजा भाव आसता तं फुकट सही केली आसती!"

चौथ्या दिवशी म्हातारा म्हणाला, "बेलापूरला नोटरीकडं जावचा हाय. तू चल, मना पायऱ्या चढवत नाय."

ती गेली. वकिलासमोरच त्या तोतयाचं पितळ उघडं पाडायचं, हे मनाशी ठरवून गेली. तोतया पुढं चढून गेला होता. जिन्याच्या मधल्या वळणावर म्हातारा दम खायला थांबला, तेव्हा तिला राहवलं नाही.

"बाबा, तो कान्हा नाय."

"मना म्हायती हाय."

"काय?"

"बाप हाय मी त्याचा. पयल्याच दिशी कललं."

"मंग ह्यो सगला कशाला?"

"लोकं इचारायची, कोंडिबाचा वंश खुटला का म्हनून. आता कोन इचारत नाय."

"आनि मी कोन?"

"तू पोरगी हायस," म्हातारा म्हणाला. रागानं नाही, लोभानं नाही, कोलंबीचा भाव सांगावा तसं. मग म्हणाला, "हात दे."

शालननं हात दिला. काय करणार, सवय!

वर वकीलबाई गीतांजली यांनी कागद वाचून दाखवला. कोंडिबाची वंशावळ. पत्नी मयत, मुलगा कान्हा हा एकमेव वारस, अन्य अपत्य नाही.

"थांबा! मी हाय ना, मी पोरगी हाय त्यांची!"

वकीलबाईंनी चष्मा काढला. "आजोबा, ह्या कोण?"

कोंडिबानं शालनकडे पाहिलं. नीट, डोळ्यात डोळा घालून पाहिलं.

"शेजारची हाय. पाय दुखतान म्हनून संगती आनली."

तोतयासुद्धा चपापला. मेल्याला क्षणभर लाज वाटली असावी.

"तुमच्याकडे काही कागद आहे का, ताई?" बाईंनी विचारलं. शालननं पिशवी उपसली. आधारवर टाकलेल्या नवऱ्याचं नाव, रेशनकार्डावर टाकलेल्या नवऱ्याचं नाव. शाळेचा दाखला असायला शाळेत कुणी घातली होती तिला? तिचा बाप कोण हे सांगणारा जगात एकच माणूस होता, आणि तो शाईत अंगठा बुडवत होता.

शिक्का पडला. तोतया कागद घेऊन दोन-दोन पायऱ्या उड्या मारत खाली गेला. बिल्डरची गाडी त्याच्यासाठीच उभी होती, ती निघाली.

कोंडिबा भिंत धरून जिन्याच्या तोंडाशी आला. खाली तीस पायऱ्या. त्यानं शाईचा अंगठा पुढं केला.

"शालन, हात दे."

शालन उतरायला लागली होती. "शालन! ए शालन, पडन मी!" हाक जिनाभर घुमली. शेजारची बाई मागं वळली नाही.