डाव्या गालावरचा तीळ

धाकट्या भावाच्या गालावरचा तीळ विणून झाला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. तीळ डाव्या गालावर हवा होता. मागावरच्या मण्यांच्या चित्रात तो उजव्या गालावर बसला होता.

चूक माझीच. मी डावखुरी. दोरा उजवीकडून सुरू करते, म्हणून नक्षीचा कागदही उजवीकडून वाचावा लागतो. पस्तीस वर्षांत कधी विसरले नव्हते, नेमकं या वेळी विसरले. भावाचे केस अगदी बारीक; भांग असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. एकशे चाळीस ओळी, ओळीत शंभर मणी, सुईच्या टोकानं एकेक उचललेले. नऊ आठवडे गेले, मान आखडली, बोटं सुजली आणि चेहरा उलटा.

भाऊ जाऊन वर्ष झालं. आईला त्याचे डोळे एकदा बघायचे होते. फोटो मोठा करून आणला, तर तिला त्यात नुसता करडा डाग दिसला. मणी उन्हात चमकतात, ते तिला अजून दिसतात. हे काम मला तिनंच शिकवलं. मी विणायला बसले तेव्हाच डॉक्टर म्हणाले होते, नजर फार तर दोन-तीन महिने टिकेल.

ती रोज विचारायची, "डोळे झाले का गं?"

डोळे पंधरवड्यापूर्वीच झाले होते. पण अर्धवट काम दाखवायचं माझ्या जिवावर येतं. "हनुवटीपर्यंत जाऊ दे, मग बघ," म्हणायचे. आता चुकलेलं दाखवायचा तर प्रश्नच नव्हता. कात्री घेतली. आडवा दोरा कापला की मणी खालच्या ताटात टपटप पडतात. नाक गेलं, डोळे गेले, भुवया गेल्या. इतकी थकले होते की रडूही येईना, नुसता राग येत होता, धाकट्याचासुद्धा. तीळ कशाला हवा होता मेल्याला?

आवाज ऐकून आई भिंत धरत आली. "काय सांडलं?"

मी सगळं सांगितलं.

"किती उसवलंस?"

"कपाळ तेवढं राहिलंय."

तिनं चाचपडत मागाखाली हात घातला, कपाळ खालून कुरवाळलं. "अगं, उलटून धरायचं होतंस," ती म्हणाली. "मण्यांना पाठ-पोट कुठं असतं? मागून तीळ बरोबर डाव्या गालावर आला असता."

मी कात्री खाली ठेवली. ही तिची पहिल्या दिवसाची शिकवण.

"पुन्हा विणते," मी म्हणाले. "रोज वीस ओळी काढीन."

रोज तीन ओळींवर माझी मजल जात नाही, हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. ती ताटात बोटं फिरवत म्हणाली, "यातले डोळ्यांचे कुठले?"

सगळे एकात एक मिसळले होते. मी चार तपकिरी मणी वेचून तिच्या तळहातावर ठेवले. ती खिडकीपाशी गेली, हात उन्हात धरून अगदी तोंडाजवळ नेला.

"चुकलेले तर चुकलेले," ती म्हणाली. "मला दाखवायचे होतेस गं."